लाल दोऱ्याचा कागद

१

थोरल्यानं जन्मात एक तरी काम पुरं केलंय, असं कुणी दाखवून दिलं असतं तर कात्रीबाईंनी त्याला हात जोडले असते. नळाचा नवा वायसर आणला, तो अजून पुडीतच. न्हाणीच्या दाराला आतून रंग दिला, बाहेरची बाजू आठ वर्षं उघडीबोडकी. शिवणखोलीतला रेडिओ तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीला खोलला, तेव्हापासून त्याची पाठ दोन स्क्रूंवर लोंबकळतेय आणि उरलेले दोन शेजारी निळ्या फुलांच्या एका बशीत पडलेत. विचारलं की, "उद्या करतो, आई." चहासुद्धा तळाशी दोन घोट ठेवून उठणार. लग्नाचा होम तेवढा त्यानं पुरता केला असेल, तोही भटजी सोडेना म्हणून, असं त्या म्हणत.

आज सकाळी तेच. दहाला वकीलबाई यायच्या होत्या, म्हणून त्यांनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढायला सांगितली. यानं ती काढली, अर्ध्या वाटेत स्टुलावर टेकवली आणि स्वारी पसार.

"काढली म्हणे पेटी! पंचेचाळिसाचं घोडं झालं, तरी मेलं अर्ध्यातनं पळतंय," असं पुटपुटत कात्रीबाईंनी दुखरा गुडघा धरून ती स्वतः खाली घेतली.

चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते. गल्लीनं दिलेलं कात्रीबाई हे नाव निम्मं हातातल्या कात्रीमुळं होतं आणि निम्मं तोंडातल्या. शिक्षण दोन यत्ता. छापील अक्षर जुळवता जुळवता चहा निवून जायचा, म्हणून कागद ओळखायची त्यांची रीत वेगळी होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सुईनं दोरा ओवलेला. निळा विजेचा, पांढरा दवाखान्याचा, लाल जमिनीचा. धाकट्या लेकीच्या लग्नाचे कागद हिरव्या दोऱ्याचे, आणि पुढं काडीमोडाचे आले तेही हिरव्याच. त्यासाठी वेगळं रीळ आणायला त्यांनी साफ नकार दिला होता.

पेटीत लाल दोऱ्याचा कागद एकच. तो वरच होता. त्यांनी घडी उलगडली, डोळ्यांपासून लांब धरली आणि अक्षरं जुळवायला लागल्या.

आठ नव्वे बहात्तर. खाली लाल शाईत, बरोबर.

दोरा त्यांचाच होता. कागद त्यांचा नव्हता.

२

घरामागं आठ पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी त्यांची मोकळी पट्टी होती. चौदा वर्षांपूर्वी शेजारचा सुतार येऊन म्हणाला होता, "मावशी, चार फळ्या ठेवू का मागं? पावसात भिजतात." कात्रीबाई हो म्हणाल्या, पण कागदावर. माहेरची विहीर अशीच 'राहू दे की' म्हणता म्हणता दुसऱ्याची झाली होती. तो चटका त्या विसरल्या नव्हत्या. सुतारानं त्याच्या हातानं लिहून दिलं, जागा मावशींची, मी त्यांच्या परवानगीनं वापरतो, मागतील तेव्हा सोडीन. खाली सही. पुढं दरवर्षी त्याच महिन्यात त्याच कागदावर एक ओळ, 'यंदाही परवानगीनं', आणि सही. आठ वर्षं त्या स्वतः जात. मग गुडघ्यानं दगा दिला आणि हे काम थोरल्याकडं आलं.

चार फळ्यांवर पत्रा आला. पत्र्याखाली खांब आले. आणि आता धाकटी घरी परत आल्यावर तिच्यासाठी तिथं दोन मशिनांची खोली बांधायची म्हणून जागा मागितली, तर दहा दिवसांपूर्वी सुतारानं कोर्टात घातलेल्या दाव्याची नोटीस आली, की बारा वर्षांच्या वर कब्जा आमचा, जागा आमची.

नोटीस आली त्याच दुपारी कात्रीबाईंनी पेटी उघडून कागद डोळ्यांनी पाहिला होता. ओळी मोजल्या होत्या. चौदा. म्हणजे जे काही झालं ते या दहा दिवसांत.

वकीलबाई आल्या. सूनबाईनं निळ्या फुलांच्या सेटमधून चहा आणला.

"हा कशाला काढलास? अपुरा सेट पाहुण्यांपुढं?" कात्रीबाई खेकसल्या.

"आता अपुरा नाहीये, आई," सूनबाई म्हणाली. कात्रीबाईंचं लक्ष कुठं होतं? त्यांनी गणिताचा कागद वकीलबाईंपुढं आपटला.

वकीलबाईंचा कप ओठांशीच थांबला. "आजी, उद्या पाचपर्यंत आपलं उत्तर कोर्टात द्यायचंय. तो मालकासारखा उघड बसला आणि आपण बारा वर्षं गप्प राहिलो, एवढंच त्याला दाखवायचंय. आपला सगळा दावा त्या कागदावर उभा आहे. मी गेल्या आठवड्यात फोनवर यांना सांगितलं होतं ना, की मूळ कागद लागेल आणि चौदाही सह्या तपासणाऱ्याकडं जातील?"

थोरला दारात, चपला न काढता उभा होता. "सांगितलं होतं की मी आईला."

"मूळ कागद लागेल एवढंच सांगितलंस," कात्रीबाई म्हणाल्या. "सह्यांचं नाही."

"तेच ते, आई."

"पाचला परत येते," वकीलबाई उठल्या. "तोवर मिळाला तर ठीक. नाहीतर आजी, खोलीचं लेकीला काही बोलू नका."

लेक भिंतीला टेकून सगळं ऐकतच होती.

३

थोरल्याला पुन्हा बाहेर काम निघालं. कात्रीबाईंनी दोघींना शिवणखोलीत बसवलं आणि तो गणिताचा कागद मधोमध ठेवला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं," सूनबाई म्हणाली. ती घरात शिकवण्या घेते. "शिकवणीचा रद्दी कागद आहे. फोनपाशी गठ्ठा पडलेला असतो, सगळेच घेतात. भाजीची यादी तुम्हीसुद्धा त्यावरच करता, आई."

"ती खोली तुला डोळ्यात सलत होती."

"होतीच. मी कुठं लपवलं? ताईंना खोली मिळणार आणि मी सोळा पोरं स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरात बसवणार. भांडले मी. पण तोंडावर भांडले." तिचा आवाज चढला. "कागद चोरून मला काय मिळणार? ती जागा सुताराच्या घशात गेली तर मला तरी मिळेल का?"

बोलण्यात जीव होता. कात्रीबाईंना तेच नको होतं. सुनेचं बोलणं पटलं की त्यांचा दिवस खराब जायचा.

"आणि तू गं? मुकी झालीस?"

"मला नकोच ती खोली," लेक म्हणाली. "दहा दिवस या घरात दुसरा विषय नाही. मी आले नसते तर सुतार आणि आपण दोघंही सुखात असतो. मी बाहेर कुठंतरी..."

"बाहेर कुठं? मशिनं डोक्यावर घेऊन फिरणार?"

लेक तो कागद हातात घेऊन चाळवत बसली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, हा दोरा तू नाही घातलास. नुसता आरपार ओढलाय. गाठच नाही." आणि बोलता बोलता तिनं दोऱ्याची दोन टोकं बोटात पकडून गाठ मारलीसुद्धा.

"अगं थांब!" कात्रीबाई ओरडल्या, पण उशीर झाला होता.

लेक ओशाळली. "सवय गं."

कात्रीबाई तिच्या बोटांकडं बघत राहिल्या. या पोरीला झोपेत दोरा दिला तरी ती गाठ मारेल. तिनं बदलाबदल केली असती तर दोरा असा लोंबता सुटला नसता. आणि सूनबाई? तिचा हात सुईला लागत नाही. तुटल्या बटणाला टाचणी लावणारी बाई, आणि शिकवणीच्या दोन कागदांना स्टेपलर मारते तोही चारदा, सुटू नये म्हणून.

मग उरला कोण? पलीकडून रंध्याचा आवाज आला. खर्र, खर्र. जणू त्यांच्याच जमिनीची साल काढत होता.

कात्रीबाईंनी काठी उचलली.

४

"या मावशी, बसा," सुतार म्हणाला.

"माझ्याच जागेत मला बसा म्हणतोस?"

"ते कोर्ट ठरवेल." त्यानं रंधा बाजूला ठेवला. माणूस उर्मट नव्हता. तेच जास्त झोंबत होतं. "चौदा वर्षं पत्रा माझा, खांब माझे, झाडलोट माझी. मुलीचं घर बघता तुम्ही, तसं मला माझं दुकान बघायला नको?"

"बघ की. स्वतःच्या जमिनीवर बघ. कागद कुठं ठेवलास?"

"कुठला कागद?"

"लाल दोऱ्याचा."

"कसला दोरा?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "मावशी, सुरुवातीला तुम्ही यायचात, मी सही करायचो, नाही कुठं म्हणतो? पण सहा वर्षं झाली, कुणी कागद घेऊन फिरकलंच नाही. मी म्हटलं, मावशींनी जागा सोडली."

"खोटं! थोरला येतो दरवर्षी."

"येतो ना. तिथं स्टुलावर बसतो, गप्पा मारतो, माझा चहा अर्धा टाकून जातो. कागदाचं नाव नाही."

"हे कोर्टात सांगशील? पहिल्या आठ सह्या केल्या म्हणून?"

सुतार हसला. "कोर्टात कागद बोलतो, मावशी. तो तुमच्याकडं असेल तर आणा."

अंगाचा तिळपापड झाला होता, पण थोरल्याचं ते बोलणं टोचलं होतं, म्हणून त्यांना जाता येईना. तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन आला. सुतारानं कानामागची चपटी, जाड पेन्सिल काढली, थुंकी लावली आणि समोरच्या फळीवर मापं लिहायला लागला.

फोन ठेवल्यावर कात्रीबाईंनी विचारलं, "पेन नाही का रे तुझ्याकडं?"

"पेनचं काय करू? भुशानं दोन दिवसांत बंद पडतं. पावतीसुद्धा पेन्सिलनंच देतो मी. तीस वर्षं झाली, ही कानामागून हलली नाही."

कात्रीबाई उभ्या राहिल्या. काठी टेकत घराकडं वळल्या. सुतार पाठीमागून म्हणाला, "काय झालं, मावशी? चक्कर आली का?"

आलीच होती. चौदा ओळी त्यांच्या डोळ्यांपुढं उभ्या होत्या. पहिल्या आठ जाड, करड्या, बोट लागून पुसट झालेल्या. खालच्या सहा बारीक आणि निळ्या. दरवर्षी थोरल्यानं कागद परत आणून दिला की त्या मनात म्हणायच्या, सुतार सुधारला हो, पेन वापरायला लागला.

५

घरी येऊन त्या शिवणखोलीत बसल्या. चोर बाहेरचा असता तर किती बरं झालं असतं; चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

सहा वर्षं. दरवर्षी त्यांनी हात जोडून सांगायचं, "जा बाबा, सुताराची सही आण," आणि यानं 'आणली' म्हणायचं. मग वकीलबाईंचा फोन आला, की चौदाही सह्या तपासायला जाणार, आणि याची पाचावर धारण बसली. सुतार दोऱ्यांची भानगड जाणतच नाही. त्याला कागद नेता आला असता, पण दोरा काढून दुसऱ्यावर चढवायचं सुचलं नसतं. चढवला तो घरातल्यानं. आणि गाठ न मारता सोडून दिला तो...

पण कागद कुठं? जाळला असेल? फाडला असेल? उद्या पाचनंतर सगळं सारखंच होतं.

सूनबाईनं चहा आणून ठेवला. सकाळच्याच सेटमधला. कात्रीबाई कप उचलून बशीकडं बघत राहिल्या. निळी फुलं.

"सूनबाई, ही बशी कुठं मिळाली?"

"मोरीत, आई. चार-पाच दिवस झाले. घासायला पडली होती."

"आणि त्यातले स्क्रू?"

"कसले स्क्रू? रिकामी होती."

कात्रीबाईंनी कप खाली ठेवला. काठीसुद्धा न घेता त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. फडताळावर रेडिओ होता. त्यांनी तो भिंतीपासून फिरवला आणि बोटांनी त्याच्या पाठीचे कोपरे चाचपले. एक. दोन. तीन. चार. चारही स्क्रू आत गच्च पिळलेले.

त्यांनी लेकीला हाक मारली. "तुझा भाऊ कुठं असेल तिथून बोलावून आण. आणि येताना स्क्रू ड्रायव्हर आण."

६

पाच वाजता शिवणखोलीत सगळे होते. वकीलबाई मशिनच्या स्टुलावर, सून आणि लेक दारात, थोरला मधोमध.

"रेडिओ लाव," कात्रीबाई म्हणाल्या.

"आत्ता? अगं, तो बंद आहे."

"बंद कसा? पाठ तर लावलीस."

थोरल्यानं रेडिओकडं पाहिलं, मग आईकडं.

"तीन वर्षं मी तुझ्या मागं लागले," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांत झाल्या की घरातली माणसं जास्त घाबरायची. "तीन वर्षं ते दोन स्क्रू बशीत. आणि नेमका कागद गेला त्याच आठवड्यात तुला हुरूप आला? रेडिओ वाजत नाही, कुणी सांगितलं नाही, कुणाला दाखवलंही नाहीस. स्क्रू आवळलेस, बशी मोरीत टाकलीस, गप्प बसलास. तू काम पुरं केलंस, की तिथंच काहीतरी काळंबेरं असणार. खोल."

एक स्क्रू खाली पडून मशिनखाली गेला. पाठ निघाली. तारांच्या मागं, चार घड्या करून खुपसलेला कागद होता, कोपऱ्यात सुईची भोकं असलेला. दोरा नव्हता.

लेकीनं तोंडावर हात ठेवला. सूनबाई नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "माझ्या शिकवणीचा कागद घालून? माझ्या नावावर?"

"तसं नव्हतं मनात," थोरला म्हणाला. "हाताला लागला तो घेतला."

"सह्या?" कात्रीबाईंनी विचारलं.

"मीच केल्या." तो जमिनीकडं बघत होता. "पहिल्या वर्षी गेलो, तर तो गिऱ्हाइकात होता. म्हटलं, उद्या. उद्या राहिलं. मग तू विचारलंस, कागद दे. काय सांगणार होतो? पुढच्या वर्षी वाटलं, आता नव्यानं न्यायचा तर तो मधली ओळ बघून विचारणार, ही कुणी केली? त्याच्या दुकानात बसायचो, कागद खिशात असायचा, तोंडून शब्द निघायचा नाही. शाळेपासूनचा मित्र माझा. त्याच्यापुढं दरवर्षी कागद धरायचा, कबूल कर म्हणून. लाज वाटायची गं."

"आणि ही घरी आली, हिच्या पोटाचा प्रश्न आला, तेव्हा नाही वाटली?"

"फाडणारच होतो. सगळं संपवून टाकावं म्हणून. दोनदा काढला. नाही झालं माझ्याच्यानं."

वकीलबाईंनी कागद उजेडात धरला होता. बराच वेळ त्या वरचीच ओळ वाचत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"साहेब, एवढी सहा वर्षं घाबरण्यापेक्षा एकदा मला विचारलं असतंत तर? परवानगी घेऊन आत आलेला माणूस नुसती वर्षं मोजून मालक होत नाही. परवानगी झुगारली, आता मी मालक, असं त्यानं उघड सांगितलं पाहिजे. ते त्यानं पहिल्यांदा सांगितलं कधी? या नोटिशीत, दहा दिवसांपूर्वी. ही वरची पहिली सही आहे ना, त्याच्या हातची? ती मला लढायला पुरे. खालच्या ओळी नसत्या तरी चाललं असतं."

"म्हणजे?" लेक पुढं आली.

"म्हणजे तुमची जागा आहे तिथंच आहे. पण या सहा खोट्या ओळी मी झाकणार नाही. झाकल्या आणि त्यांच्या वकिलानं काढल्या, तर वरच्या खऱ्या आठही बुडतील. यांनाच कोर्टात उभं राहून सांगावं लागेल, की या मी लिहिल्या. न्यायाधीश फाडून खातील. कदाचित त्याहून वाईटही होईल, मी शब्द देत नाही."

थोरल्यानं आईकडं पाहिलं. लहानपणी काही फुटलं की असाच बघायचा, आई निस्तरेल म्हणून. कात्रीबाईंनी मान वळवली. मशिनचा खण उघडला, लाल रीळ काढलं, सुई काढली, आणि दोन्ही वस्तू कागदासकट त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"ऐक. सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे नंतर अर्धंच ऐकलं म्हणायला नको. तू चोर नाहीस. चोर एकदा हात घातला की काम तडीस नेतो. तू आळशी आहेस, आणि भित्रा आहेस, आणि तुझ्या आळसानं बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. तुझ्या अर्धवटपणामुळंच हा कागद फाटला नाही, पण त्याचे आभार मी मानणार नाही. आज सुताराकडं जाशील, मित्र आहे ना तुझा, त्याच्या तोंडावर सांगशील की सहा वर्षं सह्या मी केल्या. उद्या कोर्टात तेच सांगशील, जे बोलतील ते खाली मान घालून ऐकशील. आणि जागा मोकळी झाली की हिची खोली तू उभी करशील. शेवटचा खिळा ठोकेपर्यंत तुझा उद्या मला ऐकू येता कामा नये. आता बस खाली. हा दोरा तू काढलास, तूच ओव. आणि गाठ मार. मी इथं बसलेय. गाठ नीट बसल्याशिवाय तू या खोलीतून हलायचं नाहीस."